पणजोबा नेमके कधी गेले? जुन्या मृत्यूनोंदी शोधताना

वंशावळ काढायला बसलं की जन्माचं साल अंदाजाने का होईना, सांगणारं कोणीतरी भेटतं. 'दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा', 'धाकट्या काकांच्या पाठचा' असा काहीतरी धागा हाती लागतो. मृत्यूच्या बाबतीत मात्र 'तरुणपणीच गेले' आणि 'गाठ आली होती म्हणे' यापुढे गाडी सरकत नाही. त्यातून निधनाचं पत्र आलं की वाचून फाडून टाकायची आपली जुनी पद्धत. माळ्यावरच्या पेटीत लग्नाच्या याद्या निघतात, गहाणखतं निघतात, कोणाच्या तरी बारशाचा हिशेबही निघतो. कोणी गेल्याचं कार्ड मात्र निघत नाही, कारण ते मुद्दामच ठेवलेलं नसतं.

गेली काही वर्षं मी आधी स्वतःच्या आणि मग ओळखीतल्या दोन-चार घरांच्या अशा नोंदी शोधतो आहे. मृत्यूची नोंदवही म्हणून जी असते तिच्यात जितकी माणसं सापडली, त्याहून जास्त भलत्याच कागदांत सापडली. माणूस गेला की मागच्यांचं काहीतरी अडतं. जमिनीवर नाव लावायचं असतं, अस्थी न्यायच्या असतात, वतनाला वारस दाखवायचा असतो, पोराला शाळेत घालताना पालक कोण ते सांगायचं असतं. कागद होतो तो तिथे. म्हणून 'नोंद कुठे असेल?' हा प्रश्न जरा मागे ठेवून 'यांच्या जाण्याने कोणाचं काय अडलं असेल?' हे आधी विचारावं.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या गावांबद्दल आहे आणि मुख्यतः साधारण १८७० ते १९७० या शंभर वर्षांबद्दल.

आधी दोन खुंट्या ठोका

कुठल्याही कार्यालयाची पायरी चढण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवायच्या. माणूस जिवंत असल्याचा शेवटचा पुरावा आणि तो हयात नसल्याचा पहिला पुरावा. मधला काळ जितका आखूड, तितकं पुढचं काम हलकं. 'पन्नास वर्षांच्या वह्या दाखवा' म्हणणाऱ्याला अभिलेख कक्षात कोणी उभं करत नाही. 'या गावाच्या पाच वर्षांच्या वह्या' म्हटलं तर काम होतं.

जिवंत असल्याचा पुरावा म्हणजे खरेदीखतावरची साक्षीदाराची सही, धाकट्या मुलाचा जन्म, एखाद्या कर्जरोख्यावरचा अंगठा. नसल्याच्या पुराव्यासाठी एक जागा हमखास विसरली जाते, ती म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात पालकाच्या नावाची नोंद असते. मोठ्या मुलाच्या वेळी तिथे वडिलांचं नाव आणि चार वर्षांनी धाकट्याच्या वेळी चुलत्याचं किंवा आईचं नाव दिसलं, तर वडील मधल्या काळात गेले असण्याची दाट शक्यता असते. पक्का पुरावा नव्हे हा. वडील गिरणीत नोकरीला मुंबईला असले तरी गावात पालक म्हणून चुलता लागायचा. तरी खुंटी म्हणून चालतं.

आमच्या पणजोबांबद्दल घरात एवढंच माहीत होतं की ते गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगाने गेले. १९१६ च्या एका खरेदीखतावर साक्षीदार म्हणून त्यांची सही होती आणि १९२१ च्या एका फेरफारात, म्हणजे जमिनीवरच्या नावाच्या बदलाच्या नोंदीत, त्यांच्या नावापुढे 'मयत' होतं. पाच वर्षांची खिडकी मिळाली. ती पुढे कशी बारीक झाली ते ओघाने येईलच.

तिथी घरातच असते

ज्या घरांत श्राद्ध-पक्ष होतो, त्यांच्याकडे मृत्यूची अर्धी नोंद तोंडी जपलेली असते. साल कोणाला आठवत नाही, तिथी आठवते. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. स्वयंपाक तिने केलेला असतो, त्यामुळे तिला पुरुषांपेक्षा जास्त पक्कं आठवतं.

विचारताना एक फरक नीट करायचा. वर्षश्राद्धाची तिथी आणि पितृपक्षातली तिथी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षश्राद्धातून महिना, पक्ष आणि तिथी हे तिन्ही कळतं. पितृपक्ष मात्र सगळ्यांचाच भाद्रपद वद्यात येतो. त्यातून फक्त तिथीचा आकडा मिळतो. 'आजोबांची तृतीया' एवढंच कळलं तर ती कुठल्या महिन्यातली, शुद्ध की वद्य, हे गुलदस्त्यातच राहतं. शिवाय पितृपक्षातल्या काही तिथ्या मृत्यूच्या तिथीशी बांधलेल्या नसतातच. नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला होतं. अपघाताने किंवा शस्त्राने मेलेल्याचं चतुर्दशीला, आणि ज्याची तिथीच ठाऊक नाही त्याचं सर्वपित्री अमावास्येला. म्हणजे पणजीची नवमी असेल तर ती नवमीला गेली असं लिहू नका. पण त्यातून दुसरी मोलाची माहिती मिळते: ती पणजोबांच्या आधी गेली.

आमच्याकडे वर्षश्राद्ध आश्विन वद्य तृतीयेला होत असे, हे एका आत्याला ठाऊक होतं. १९१६ ते १९२१ मध्ये आश्विन वद्य तृतीया पाच वेळा आली. पाच वर्षांची खिडकी पाच दिवसांवर आली, तीही घरबसल्या.

तिथीची तारीख करायला जुनी पंचांगं किंवा जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचं कोष्टक, लागते. मोठ्या जुन्या ग्रंथालयांत ती असते, आणि संगणकावरही आता हे गणित होतं. ढोबळ हिशेब असा: शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि पौष-माघ-फाल्गुनात १ जानेवारी उलटून गेली असेल तर ७९. शके १८४० चा आश्विन म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर. संवत असेल तर साधारण ५७ वजा करायचे. मराठवाड्याच्या निजामी कागदांत फसली सन येतो, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. सुहूर सन पेशवाईच्या कागदांतच भेटेल. तिथे ५९९ किंवा ६०० मिळवायचे, आणि आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असल्याने आधी ते शब्द शिकायचे.

इथे एक खोच आहे. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपला भाद्रपद वद्य हा तिकडचा आश्विन कृष्ण. काशी-प्रयागच्या वहीत वद्य पक्षातला महिना एकाने पुढे दिसला तर लिहिणाऱ्याची चूक समजू नका. तसंच तिथीवरून काढलेली तारीख आणि सरकारी तारीख यांत एका दिवसाचा फरक पडला तर डोकं खाजवत बसू नये. श्राद्धाला प्राण गेला त्या वेळची तिथी धरतात, पंचांगात त्या दिवशीची सूर्योदयाची तिथी असते, आणि इंग्रजी दिवस मध्यरात्री पालटतो.

गाव तेच, पण तेव्हा कुठल्या जिल्ह्यात?

हे कंटाळवाणं काम आहे, पण न करता गेलात तर हेलपाटा ठरलेला. गाव आज ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात तेव्हा होतं असं नाही. रायगडचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला. जालना औरंगाबादमधून निघाला, लातूर उस्मानाबादमधून, गडचिरोली चंद्रपुरातून. सांगलीला आधी दक्षिण सातारा म्हणत. खानदेश १९०६ पर्यंत एकच होता, मग पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. नंदुरबार आणि वाशिम १९९८ चे, पालघर तर २०१४ चा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे राज्य कोणाचं होतं ते पाहा. मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड, निजामाचं हैदराबाद आणि कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी यांसारखी संस्थानं. प्रत्येकाची दप्तराची शिस्त निराळी आणि भाषाही निराळी. मराठवाड्यातल्या माणसाला उर्दू वाचणारा गाठावा लागतो. तिथे इनामदार किंवा वतनदार घराणं असेल तर वारसाच्या चौकशीची प्रकरणं, म्हणजे विरासत आणि तिच्यावरचा मुंतखब (निकालाचा कागद), शोधावीत. त्यात मयत कोण, वारस कोण हे नातं लावून लिहिलेलं असतं.

गाव धरणात गेलं असेल तर मूळ गावाचं आणि पुनर्वसित गावाचं, दोन्ही नावं घेऊन जा.

गाव नमुना १४

आता मुख्य वही. महसुली दप्तरात गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात आणि आता ते नाव सगळीकडेच रुळलं आहे. पोलीस पाटील, कुलकर्णी, तलाठी, कोतवाल यांच्यापैकी कोणीतरी गावातला जन्म-मृत्यू टिपायचा आणि ते पुढे तालुक्याला जायचं. या वह्या आज बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. तो आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका गाठायची.

या वहीचं मोल असं की ती जमीनजुमला पाहत नाही. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्यांच्यासाठी कित्येकदा हा एकमेव सरकारी कागद असतो. बायका आणि तान्ही मुलं इतर कुठल्या कागदात क्वचितच येतात, इथे येतात.

कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून या वह्यांना अचानक दिवस आले. गठ्ठे सुटले, धूळ झटकली गेली, बऱ्याच जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदींची पानं स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकली. तुमची जात कुठलीही असो, जाण्याआधी ती पानं चाळा. शोध कुणबी नोंदीचा होता, पण स्कॅन अख्ख्या पानाचं आहे. त्याच पानावर खाली तुमचं माणूस असू शकतं.

प्रत्यक्ष जायचं तर तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करायचा. गावाचं नाव, नमुना १४, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि आधी पाहणी मग नकला, असं स्पष्ट लिहायचं. अर्जाला कोर्ट फी तिकीट. 'वंशावळीच्या अभ्यासासाठी' असं कारण लिहिलं की समोरच्याचा चेहरा थोडा सैल होतो, असा माझा अनुभव आहे. नाहीतर जमिनीचा वाद घेऊन आलाय असंच धरतात. 'त्या सालची वही नाही' असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. लेखी मिळत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करता येतो, आणि अभिलेख पाहण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. मला एका ठिकाणी दोनदा 'जळालं' म्हणून सांगितलं होतं. माहिती अधिकाराच्या अर्जानंतर ते जळालेलं दप्तर वरच्या फळीवर निघालं. ओलं मात्र होतं.

वाचताना पहिला अडथळा मोडी लिपीचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या बऱ्याच नोंदी मोडीत आहेत. मोडीत शिरोरेषा आधीच पानभर ओढलेली असते, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. अख्खी मोडी शिकून मग सुरुवात करू म्हणाल तर दोन वर्षं जातील. त्यापेक्षा पाच-सहा शब्दांची वळणं डोळ्यांत बसवा: गावाचं नाव, पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, 'बिन', 'कोम', 'मयत'. एवढ्यावर पान ओळखता येतं. मग त्या पानाचा परवानगीने फोटो काढून मोडी वाचकाकडून नीट वाचून घ्या. शिकायचीच हौस असेल तर पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं.

'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. कुठे 'वलद' आणि 'भ्रतार' हे शब्दही येतात. 'सखू कोम राणू बिन संतू' अशी नोंद असेल तर सखू ही राणूची बायको आणि राणू हा संतूचा मुलगा. एका ओळीत तीन माणसं बसली. आडनाव असेलच असं नाही. आडनाव शोधत पान उलटत गेलात तर स्वतःचेच पणजोबा हुकतील. म्हणून जोडी शोधायची, बाप-लेकाची किंवा नवरा-बायकोची. नावंही घरी माहीत असलेलीच असतील असं नाही. घरात 'विठोबाअण्णा' म्हणून ओळखला जाणारा माणूस वहीत 'इठू' असतो. वय तर अंदाजेच, ३०, ४०, ६० असे गोळाबेरीज आकडे. त्यावरून जन्मसाल काढू नका. बारसं न झालेलं मूल 'मुलगी' किंवा 'मुलगा' एवढ्याच शब्दावर जातं. जातीच्या रकान्यात आज कोणी उच्चारणार नाही असे शब्दही येतील; ते जसेच्या तसे टिपून ठेवावेत, दुरुस्त करू नयेत.

मृत्यूच्या कारणाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे घरातल्या गोष्टी आणि कागद यांची हमखास टक्कर होते. सरकारला कारणं ठरावीक खान्यांत हवी असत: पटकी (कॉलरा), देवी, प्लेग, ताप, हगवण आणि आमांश, श्वसनाचे रोग, अपघात, इतर. नोंद करणारा डॉक्टर नव्हता. अंगावर फोड दिसले की देवी, जुलाब-उलट्या झाल्या की पटकी, गाठ दिसली की प्लेग. बाकी सगळं 'ताप'. हिवताप ताप, विषमज्वर ताप, बाळंतरोगही ताप. म्हणून वहीत 'ताप' दिसला तर रोग कळला असं समजू नका. उलट त्याच पानावरच्या इतर नोंदी मोजा. आठवड्यात तीन घरांत पटकी असेल आणि तुमच्या माणसापुढे 'हगवण' लिहिलं असेल, तर काय ते उघड आहे.

आमच्या गावची १९१८ ची वही मी पाहिली त्याचं पान अजून डोळ्यांसमोर आहे. सप्टेंबरपर्यंत एकच हस्ताक्षर, महिन्याला चार-पाच नोंदी, शाई फिकट. मग जवळजवळ दोन बोटं कोरी जागा. त्याखाली दुसऱ्याच हाताने, दाट काळ्या शाईत, एकाखाली एक नावं. सगळ्यांपुढे एकच तारीख आणि कारणाच्या रकान्यात वरून खालपर्यंत ओढलेली एकच उभी रेघ, तिच्या टोकाला 'ताप'. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाची दुसरी, भयंकर लाट आली होती. लोक त्याला मानमोडी म्हणत. नोंद करणारेही आजारी पडले आणि कित्येक ठिकाणी नोंदणीच कोलमडली. आमच्या वहीतली ती एकच तारीख मृत्यूची नव्हती, कोणीतरी उठून बसून सगळं एकदम लिहून काढलं त्या दिवसाची होती. नावांत सातवे पणजोबा. शके १८४० ची आश्विन वद्य तृतीया ऑक्टोबर १९१८ च्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत येते, आणि वहीतली तारीख नोव्हेंबरची आहे. म्हणजे घरची तिथी सरकारी वहीपेक्षा जास्त खरी निघाली. आणि ते प्लेगाने गेले नव्हते. प्लेग मुंबईत १८९६ ला आला आणि पुढे वीसेक वर्षं फिरत राहिला. घरातल्या सांगण्यात दोन साथी एकमेकींत मिसळल्या होत्या.

प्लेगच्या वर्षांबद्दल आणखी एक. गावं मोकळी करून लोक माळावर झोपड्यांत राहायला जात, नाहीतर पाहुण्यांकडे. त्या वर्षी गेलेला माणूस शेजारच्या गावच्या वहीत असण्याची शक्यता असते.

जमीन असेल तर फेरफार

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. तेव्हापासून खातेदार मेला की वारसाची नावं लावायला फेरफार होतो, त्याची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. वारसांची वेगळी नोंदवही ६-क. त्यातलं वाक्य साधारण असं असतं: 'खातेदार अमुक हे सुमारे तीन वर्षांपूर्वी मयत, वारस मुलगे १, २, ३, सर्वांत वडील मुलाचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल.' तीन पिढ्यांचं नातं सरकारी सहीने मिळतं, यापेक्षा काय हवं?

पण फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. कर्ज काढायची किंवा विकायची वेळ येईपर्यंत लोक नाव लावायला जातच नसत. दहा-पंधरा वर्षांचा उशीर मी पाहिला आहे. 'सुमारे' हा शब्द गंभीरपणे घ्यायचा. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याचं एकट्याचं नाव असेल तर धाकटे भाऊ नव्हते असं नाही. मुलींची नावं जुन्या फेरफारांत क्वचित असतात.

आजच्या सातबाऱ्यापासून मागे मागे जायचं. सातबाऱ्यावर फेरफारांचे क्रमांक असतात, एकेक उलगडत गेलं की साखळी लागते. महाभूमीच्या आपले अभिलेख या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. नसेल तर पुन्हा तहसीलचा अभिलेख कक्ष. पाटील, कुलकर्णी, महार वगैरे वतनं असलेल्या घरांनी १८७४ च्या वतन कायद्याखाली झालेल्या वारस नोंदीही पाहाव्यात.

तीर्थोपाध्यांची वही

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया. अस्थी घेऊन गेलेल्या माणसाने उपाध्यांच्या वहीत नामावळी लिहिलेली असते. माझ्या मते यासारखा आनंद दुसऱ्या कुठल्याच कागदात नाही, कारण बऱ्याचदा ते पणजोबांच्या थोरल्या मुलाचं स्वतःचं अक्षर असतं. सरकारी वहीत माणूस एकटा असतो, इथे तो सगळ्या भावकीसकट येतो.

उपाध्ये गाव, आडनाव आणि जात यांप्रमाणे वाटलेले असतात. रामकुंडावर उतरून पहिला भेटेल त्याच्या मागे जाऊ नका. 'अमक्या तालुक्यातल्या अमक्या गावचे उपाध्ये कोण?' असं दोघा-तिघांना विचारलं की नेमका माणूस सांगतात. मूळ गाव महत्त्वाचं. तुम्ही तीन पिढ्या पुण्यात असाल तरी वहीत तुम्ही गावचेच असता. पितृपक्षात किंवा सिंहस्थात वह्या काढून बसायला त्यांना वेळ नसतो. दक्षिणा आधी बोलून घ्यावी, फोटोची परवानगी मागावी, आणि निघताना आपल्या पिढीची नावं लिहून यावीत. ते अपेक्षितच असतं.

वहीतली तारीख येण्याची असते, मृत्यूची नव्हे. नाशकाला दहा दिवसांत अस्थी जात, काशीला कधीकधी वर्षांनी. दक्षिण महाराष्ट्रातल्या लोकांनी हेळव्यांनाही विसरू नये. कोल्हापूर-सांगली-सोलापूर पट्ट्यात ते घरोघर येऊन वंशावळ वाचून दाखवतात. त्यात तारखा कमी, नाती जास्त. निपुत्रिक गेलेल्या भावांची नावं मला तिथेच मिळाली.

आणखी काही ठिकाणं

घरातलं कोणी पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेलं असेल तर काम सोपं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. मराठा पलटणींतल्या कित्येकांच्या नोंदीत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. मेसोपोटेमियात गेलेल्यांच्या नोंदी तिथे बसरा स्मारकाखाली मिळतात, फ्रान्समध्ये गेलेल्यांच्या नव शापेलच्या स्मारकाखाली. इंग्रजी स्पेलिंग भयानक असतं, म्हणून नावाऐवजी गावाने किंवा तालुक्याने शोधून पाहा. सातारा-कोकणातल्या कितीतरी गावांत चावडीवर किंवा देवळाजवळ, या गावातून इतके गेले आणि इतके कामी आले, असं सांगणारी पाटी आहे. त्यावर नावं नसतात, पण आकडा ताळ्यासाठी उपयोगी पडतो.

ख्रिस्ती कुटुंबांची वाट वेगळी आणि बरीच सरळ. कॅथलिक चर्चमध्ये दफनाच्या नोंदी ठेवण्याची शिस्त सतराव्या शतकापासूनची आहे. वसई-मुंबईकडे त्या पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये मिळतात. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी चर्चमधून लंडनला पाठवलेल्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई इलाख्याचा गट एन-३ या क्रमांकाखाली. मुंबईत घर, दुकान किंवा मृत्युपत्र असलेल्या माणसासाठी उच्च न्यायालयातलं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला मिळालेली कोर्टाची मंजुरी, पाहावं. केसरी, ज्ञानप्रकाश यांतल्या निधनवार्ता चार लोकांत नाव असलेल्यांच्याच; साध्या शेतकऱ्यासाठी तिथे वेळ घालवू नये. छापील कुळवृत्तांत असेल तर पहिल्यांदा तोच वाचा, पण त्यातल्या तारखा कोणीतरी ऐकून लिहिलेल्या आहेत हे धरून चाला.

१९७० नंतरच्या मृत्यूसाठी जन्म-मृत्यू निबंधकाकडे कोणीही शोध मागू शकतो. मृत्यूचं कारण मात्र तुम्हाला दिलेल्या दाखल्यात येणार नाही. कायद्यातच तशी तरतूद आहे, कारकुनाशी वाद घालू नका. नोंद नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र मागून घ्या. पुढे दुसरं कोणी तेच शोधायला निघालं तर त्याचा एक फेरा वाचतो.

सापडत नाही तेव्हा

सापडलेल्या प्रत्येक नोंदीसोबत कार्यालय, वहीचं नाव, साल, पान आणि पाहिल्याची तारीख लिहा. न सापडलेल्या वह्यांचंही असंच लिहा. दोन नोंदी जुळत नसतील तर त्यातली एक निवडून दुसरी पुसू नका. दोन्ही ठेवा आणि कोणती का धरली ते एका ओळीत लिहा. माझ्या वहीत पणजोबांपुढे आजही दोन तारखा आहेत, एक तिथीवरून काढलेली, एक सरकारी.

पणजीने मात्र मला दोन वर्षं दमवलं. तिचा पक्ष अविधवा नवमीला होत असे, म्हणजे ती १९१८ च्या आधी गेलेली. आमच्या गावच्या वहीत १९०० पासून १९१८ पर्यंत एकेक पान पाहिलं, तिचं नाव नाही. मग एकदा आत्या सहज म्हणाली की आजोबांना आजोळीच वाढवलं. तेव्हा लक्षात आलं की पहिलं बाळंतपण माहेरी. मी सासरच्या गावात शोधत होतो आणि ती माहेरी गेली होती. तिच्या माहेरचं गाव दुसऱ्या तालुक्यात. तिथल्या वहीत एकाच तारखेला दोन ओळी होत्या, एक जन्माच्या बाजूला आणि एक मृत्यूच्या. कारण 'ताप'. नाव शोधताना मी सासरचं नाव घेऊन गेलो होतो. नोंद मात्र माहेरच्या नावाने, बापाच्या नावापुढे 'मुलगी' लिहून, वय २० अशी होती. खबर देणारा तिचा भाऊ.